जिवाचा नांगर: नागपूरच्या पाळक आणि प्रचारक मंडळींना खुले पत्र

नागपूर शहरातल्या मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब, फादर, आणि घरोघरी सभा घेणारे प्रचारक बंधू-भगिनी यांना,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी उपदेश करणारी बाई नाही. ३२ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, महिला मंडळात सतरंज्या उचलण्यापासून हिशेब लिहिण्यापर्यंत सगळं केलं, आणि गेली तीन वर्षं दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसते. आत माझे मिस्टर मशीनवर असतात. एका वेळेला चार तास लागतात. तेवढ्या वेळात माणूस काय काय विचार करतो ते तुम्हाला ठाऊक असेल, तुमच्यातले काही जण या बाकावर येऊन बसलेले आहेत. काही जण आलेले नाहीत. पत्र दोघांनाही आहे.

विषय आशेचा. हा शब्द तुम्ही दर रविवारी वापरता आणि आम्ही त्याला आमेन म्हणतो. पण गेल्या तीन वर्षांत मला असं वाटू लागलंय की आपण एकच शब्द उच्चारतो आणि दोन वेगळ्या गोष्टी मनात धरतो.

लहानपणची गोष्ट सांगते. नागपुरातल्या मोहननगरात संडे स्कूलला जायचो. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला ‘जिवाचा नांगर’ म्हटलंय, ते वचन पाठ करायला दिलं होतं. मी घरी येऊन वहीत चित्र काढलं: दोन बैल, एक माणूस, मागे नांगर. पुढच्या रविवारी बाईंनी ते पाहिलं आणि पोट धरून हसल्या. हा तो नांगर नव्हे गं, हा जहाजाचा नांगर. मग त्यांनी फळ्यावर दोन आकड्यांचं एक लोखंडी काहीतरी काढून दाखवलं. वर्गातल्या एकानेही ते प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. समुद्र इथून शेकडो कोस. आमची जहाजं म्हणजे अंबाझरीतल्या होड्या, त्यांना दोरीने खुंटीला बांधत.

बाईंचं बरोबर होतं. मूळ पत्रात जहाजाचाच नांगर आहे, आणि पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी रोमजवळच्या भुयारी कबरींवरही तोच कोरलाय. पण आपल्या भाषेने दोन्ही वस्तूंना एकच नाव दिलं, आणि विदर्भातल्या माणसाच्या कानाला त्या नावात मातीच ऐकू येते. मी पुढे काटोल तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरी सून म्हणून गेले तेव्हा मला माझं ते हसण्यावारी गेलेलं चित्र परत मिळालं.

सासऱ्यांची थोडी कपाशी, थोडी संत्र्याची झाडं. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. चैत्रात, ऊन अंगाला चटके देत असताना, त्यांनी मोकळ्या वावरात नांगर घातला होता. हातभर लांबीची ढेकळं उलथून पडलेली, बगळे आणि साळुंक्या मागे मागे किडे वेचत चाललेल्या. मी शहरातली मुलगी; विचारलं, मामंजी, पावसाला अजून दोन महिने आहेत, आत्ता कशाला? ते म्हणाले, “पाणी काही आपल्या हाती नाही पोरी. वावर उघडं करून ठेवणं आपल्या हाती आहे. नांगरून ठेवलं त पाणी आत मुरते, नाही त वरच्यावर वाहून जाते.”

एवढंच बोलले आणि बैलांकडे वळले. त्यांना उपमा द्यायची नव्हती. ते मला शेती समजावत होते.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायात, नांगरणाऱ्याने आशेने नांगरावं असं म्हटलंय. म्हणजे माझा पोरपणातला नांगरही पवित्र शास्त्रात सापडतोच. (तिथे पौल खरं तर सेवकांच्या पोटापाण्याबद्दल, म्हणजे तुमच्या पगाराबद्दल बोलतोय. महिला मंडळाची हिशेबनीस म्हणून सांगते, ते वचन आमच्या मंडळीने पुरेसं मनावर घेतलेलं नाही. तो विषय वेगळ्या पत्राचा.)

आता मुद्द्यावर येते, आणि तो सांगायला मला जड जातंय.

दोन हिवाळ्यांमागे शहरात एक चंगाई सभा, म्हणजे आजारी बरे व्हावेत म्हणून प्रार्थनेची सभा, झाली. कुणाची ते लिहीत नाही, कारण भांडण एका माणसाशी नाही. मिस्टरांना आम्ही खुर्चीवर बसवून नेलं. प्रचारकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, ती चांगली होती, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग ते म्हणाले, काम झालंय, आता मशीनकडे पाठ फिरवा, मशीनला चिकटून राहणं म्हणजे प्रभूवर अविश्वास. पुढच्या सभेला साक्ष द्यायला या.

ती रविवारची संध्याकाळ. मंगळवारी आम्ही गेलो नाही.

मी अडवलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. मलाही हवंच होतं ते. मंगळवारची ती दुपार किती सुंदर होती तुम्हाला सांगू शकत नाही. आम्ही दोघं घरी बसून वरण-भात जेवलो, त्यांनी पोटभर पाणी प्यायलं, पेला मोजला नाही. डायलिसिसच्या माणसाला दिवसाला लिटरभर पाण्याची मुभा असते, त्यात चहा, वरण, सगळं धरायचं. नागपूरच्या मे महिन्यात लिटरभर म्हणजे काय ते पारा ४५ वर गेला की कळतं. माझे मिस्टर बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात आणि तो विरघळताना माझ्याशी बोलतही नाहीत, चव मोडेल म्हणून. असा माणूस त्या दुपारी तांब्या तोंडाला लावून पाणी प्याला.

बुधवारी रात्री त्यांना आडवं होता येईना. उशीला टेकले की छातीत पाणी भरल्यासारखं, आणि तसंच झालं होतं. ऑटोवाला शेजारचा, तो लुंगीवरच धावत आला. रात्री दोन वाजता मशीन लागलं. सकाळी नर्सबाई एवढंच म्हणाल्या, काकू, असं नका करू. प्रचारकांना फोन केला तर ते म्हणाले, विश्वास कमी पडला असेल.

कुणाचा? हे मी विचारलं नाही. आज विचारते.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९ : ११ हे वचन आपल्याकडे कॅलेंडरवर, चहाच्या मगवर, लग्नपत्रिकेवर सगळीकडे असतं: तुमच्या हिताचेच संकल्प माझ्या मनात आहेत, तुम्हांला आशा आणि भविष्य देणारे. माझ्या स्वयंपाकघरातही आहे. पण तुमच्यातल्या किती जणांनी त्याच्या आधीचा अध्याय व्यासपीठावरून वाचलाय? त्यात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. लोकांना बाबेलला धरून नेलंय, मंदिरातली भांडी लुटून नेली आहेत, आणि हनन्या भर मंदिरात उभा राहून सांगतो: दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना काय आवडलं असेल ते सांगायला नको. यिर्मयाच्या मानेवर बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून लाकडी जू होतं, ते हनन्याने काढून मोडून टाकलं. केवढी टाळी पडली असेल.

यात मला सगळ्यात जास्त काय भिडतं सांगू? यिर्मया आधी ‘आमेन’ म्हणतो. परमेश्वर असंच करो, म्हणतो. त्यालाही तेच हवं होतं. बातमी गोड आहे म्हणून तो तिच्यावर चिडलेला नाही. पण बातमी खरी नव्हती, आणि पुढच्या अध्यायात त्याने जे पत्र पाठवलं त्यात दोनाऐवजी ७० वर्षं लिहिली होती. ७० वर्षं म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचं आयुष्य तिथेच संपणार. कॅलेंडरवरचं आपलं लाडकं वचन त्या पत्रात या आकड्याला खेटून येतं, आणि त्याच्या थोडं वर, पाचव्या वचनात, काय करायचं तेही लिहिलंय: घरं बांधा आणि राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा. शत्रूच्या गावात. पुढे यरुशलेमला वेढा पडला, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या आवारात कैदेत, तेव्हा त्याने १७ शेकेल चांदी तोलून अनाथोथ गावातलं आपल्या चुलतभावाचं शेत विकत घेतलं. सह्या, साक्षीदार, मोहोर. खरेदीखत मातीच्या मडक्यात घालून ठेवायला सांगितलं, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. आपल्या भाषेत, गाव जळत असताना माणूस सातबारा नावावर करून घेतोय. त्या शेतात तो कधी राहिला नाही. त्याला पुढे लोकांनी ओढून मिसरात नेलं.

हनन्याकडे होती ती खात्री. यिर्मयाकडे होती ती आशा. आपल्या सभांमध्ये पहिलीला दुसरीचं नाव लावून विकलं जातं, आणि माल परत आला की गिऱ्हाइकाचा दोष. मध्ययुगातल्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने आशेविरुद्धची पापं दोन सांगितली आहेत: निराशा, आणि देवाला गृहीत धरणं. निराशेवर मी शेकड्यांनी उपदेश ऐकलेत. दुसऱ्यावर एकही आठवत नाही.

उलट्या टोकाचीही तक्रार आहे, ती थोडक्यात. काही पाळकसाहेब भेटायला येतात तेव्हा खुर्चीवर टेकायच्या आत वर बोट दाखवतात. इथलं काय, तिथे दुःख नाही, रडणं नाही. खरं आहे, माझा त्यावर विश्वास आहे, प्रकटीकरणात लिहिलंय. येशू मेलेल्यांतून उठला यावर माझ्या आशेचा सगळा भार आहे. तो उठला नसेल तर हे पत्र फाडून टाका. पण कबरेतून उठलेला तो शरीरासकट उठला, व्रणांसकट, आणि त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. ज्या देवाने शरीराची एवढी फिकीर केली त्याचं नाव घेऊन माझ्या नवऱ्याच्या रक्तातल्या पोटॅशियमला क्षुल्लक म्हणू नका.

आमच्या घरात आशा कशी दिसते ते आता सांगते. फार भव्य नाही.

डायलिसिससाठी हातातली एक धमनी आणि एक शीर जोडून देतात, त्याला फिस्टुला म्हणतात. मनगटाच्या वर तळहात ठेवला की आतून थरथर लागते, चालू कूलरच्या अंगाला हात लावावा तशी बारीक. ती आहे म्हणजे रक्त वाहतंय, परवा सुई लागेल. रोज रात्री दिवा मालवला की मी त्यांच्या हातावर हात ठेवून ती पाहते. मग प्रार्थना. बहुतेक वेळा प्रार्थना तेवढीच असते.

एका रात्री हात ठेवला तर काही नाही. हात गार आणि गप्प. सकाळी कळलं, गुठळी झाली, फिस्टुला बंद. मानेत नळी घातली, मग उजव्या हातावर दुसरा फिस्टुला केला. तो तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, तोपर्यंत रबरी चेंडू दाबत बसायचं. माझे मिस्टर शेतकऱ्याचे पोर. मानेला पट्टी, हातात नातवाचा चेंडू, आणि मला म्हणतात, “दुबार पेरणी आहे, दुसरं काय.”

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: मृगाच्या भरवशावर लोक बी टाकतात, एक पाऊस होतो, कोंब वर येतो, आणि मग पाऊस दडी मारतो. सगळं करपतं. जुलैत पुन्हा बियाणं आणायचं, बहुधा उधारीवर, आणि पुन्हा पेरायचं. दुबार पेरणीच्या वेळी कुणी गाणी म्हणत नाही. चेहरे बघवत नाहीत. आणि सगळ्यांचीच दुसरी पेरणी होते असंही नाही. या भागात किती घरांत ती झाली नाही आणि मग त्या घरांत काय झालं ते आपण सगळे जाणतो, त्यातल्या काहींच्या मातीला तुमच्यातलेच उभे राहिले आहेत. म्हणून मी आशेला सोपी म्हणणार नाही. पण माझ्या नवऱ्याच्या त्या वाक्यात मला जितकी आशा ऐकू आली तितकी त्या सभेच्या लाऊडस्पीकरमध्ये आली नाही.

या शहराला हे नवीन नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले, शाळा काढली, दगड-जीवाश्म गोळा केले, आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पुरात बुडून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं १८८३ साली. आणि उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाली तीही इथेच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता, वाट पाहण्याच्या दिवसांची सुरुवात. त्या ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली होती. ४१ वर्षं मिटिंगा! ज्यांनी पहिल्या बैठकीला खुर्च्या मांडल्या असतील त्यातले किती जण शेवटच्या दिवशी हजर होते कोण जाणे. मी स्वतः मंडळीच्या सभांना बसलेली आहे, त्यामुळे ४१ वर्षं मिटिंगांना जात राहणं हे मला हिस्लॉपसाहेबांच्या घोडदौडीइतकंच धाडसाचं वाटतं.

तर मागणं असं आहे.

साक्षीच्या वेळेला ज्यांची गोष्ट अजून संपलेली नाही त्यांनाही उभं करा. आत्तापर्यंत बरे झालेलेच बोलतात. बाकीचे मागच्या बाकावर बसून आपल्यात काय उणं आहे ते शोधतात. वर्षातून एकदा तरी ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाचा. ते अंधारात सुरू होऊन अंधारातच थांबतं, शेवटी उजेडाची एक ओळ नाही, आणि तरीही कुणीतरी ते प्रार्थना म्हणून जपून ठेवलं. आजाऱ्यासाठी चंगाईची प्रार्थना जरूर करा. मीही रोज करते, देवाला अशक्य काही नाही असं म्हणूनच करते. पण औषध बंद करा, मशीन सोडा, हे शब्द तुमच्यापैकी कुणाच्याही तोंडून पुन्हा येऊ नयेत. आणि कुणी तसं बोलला तर बाकीच्यांनी ‘त्यांची सेवा वेगळी, आपली वेगळी’ म्हणून गप्प बसू नये. त्या बुधवारच्या रात्रीनंतर मी तीन पाळकांना हे सांगितलं. तिघांनाही वाईट वाटलं. एकानेही त्या माणसाला फोन केला नाही.

येशू उठला त्या दिवशी अम्माऊस गावाच्या वाटेवर चाललेले दोघे शिष्य आठवतात ना? ११ किलोमीटरची ती चाल. आम्हांला आशा होती, म्हणतात ते. ‘होती’. उठलेला प्रभू शेजारी चालत होता आणि त्यांना भूतकाळातच बोलता येत होतं. पुढे त्याने त्यांना मंदमती म्हटलं, शास्त्र उलगडून सांगितलं, सगळं केलं. पण सुरुवात केली ती विचारण्याने. कसल्या गोष्टी बोलत चाललात? आणि ते सांगेपर्यंत ऐकत राहिला. आमच्याकडे येताना तेवढं केलंत तरी पुष्कळ.

आता आतून हाक आली, मशीन काढतायत. सुईची जागा दाबून धरायला मला जावं लागेल.

सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आम्ही घरीच असतो. संध्याकाळी पाचनंतर या, ऊन उतरलेलं असतं आणि मिस्टर झोपून उठलेले असतात. चहा मिळेल, त्यांना अर्धा कप. फक्त संत्री आणू नका. काटोलच्या पोराला ती पोटॅशियममुळे तीन वर्षांपासून बंद आहेत, आणि वासाने त्यांना फार त्रास होतो.

आपली,
मोहननगरात वाढलेली, काटोलची सून